गाडी धुऊन ठेवू नका, आली तशी दाखवा

फोंड्याच्या माझ्या गॅरेजात येणाऱ्या गाड्या बहुतेक ठोकलेल्या असतात. या महिन्याच्या पत्रांतल्या गाड्यांनी मात्र अजून पहिली सर्व्हिसिंगसुद्धा पाहिलेली नाही. चार पत्रं, चारही नव्या गाड्यांची, त्यातही स्पोर्ट्स कारच जास्त. पूर्वी गोव्यात असली गाडी दिसली की ती दिल्ली-मुंबईच्या पाहुण्याची असायची, आता नंबरप्लेट ‘जीए’ची असते. तेव्हा लांबी (पत्र्यातले खड्डे भरायची पुट्टी) आणि गंज यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : दादा, नमस्कार. दसऱ्याला दोन दारांची पिवळी स्पोर्ट्स कार घेतली. परदेशात बनून जहाजाने मुंबईला आणि तिथून ट्रेलरने गोव्याला आलेली. शोरूमच्या झगमगाटात काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात उन्हात बघतो तर बोनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे, टपावर दोन सरळ रेषा आणि पुढच्या बंपरच्या लिपला खालून खरवडलेलं. शोरूमवाले म्हणतात, “साहेब, इतक्या लांबून आली, थोडंफार व्हायचंच. रबिंग करून देतो.” करून घेऊ का? – एक वाचक, पर्वरी

उत्तर : रबिंगला, म्हणजे रंग घासून चमकवायला, आधी नाही म्हणा, मग पुढचं वाचा.

तुमच्या गाडीवर तीन खुणा आहेत आणि तिन्हींचे धनी वेगळे आहेत. शोरूमनं तिघांनाही ‘प्रवास’ या एकाच नावावर घातलंय, कारण प्रवासाला कोणी जाब विचारत नाही.

लिप म्हणजे बंपरची खालची कड. तिचं खरवडणं हे खरंच ट्रेलरचं काम. स्पोर्ट्स कारचं नाक जमिनीपासून वीतभरही वर नसतं. ट्रेलरच्या रॅम्पचा चढ तिला झेपत नाही, म्हणून रॅम्पच्या पुढे लाकडी फळ्या टाकून चढ लांबवायचा असतो. ड्रायव्हर-क्लीनर दिवसभर साध्या गाड्या चढवतात, त्यांना फळ्यांची सवय नसते. उतरवताना पुन्हा तेच. ही खूण उभ्यानं कधीच दिसत नाही, मोबाइल जमिनीलगत धरून फोटो काढला तरच दिसते. तुम्ही वाकून पाहिलंत, शाबास. लिप सुटी येते, ती नवी बसवून मागा, रंगवून नको.

ट्रेलरच्या आणखी खुणा असतात, त्याही एकदा तपासा. दुमजली ट्रेलरमध्ये गाडी चढवली की ड्रायव्हरला अर्धवट उघडलेल्या दारातून अंग चोरून बाहेर पडावं लागतं, तेव्हा दाराची कड लोखंडी खांबाला लागते. दोन दारांच्या गाडीचं दार लांब, त्यामुळे तिथं हमखास. अलॉय चाकावर गाडी बांधायचा पट्टा घासल्याची खूण. वरच्या मजल्यावर चढवली असेल तर टपावर फांद्यांचे ओरखडे, हे पुढून मागे सरळ जातात. खालच्या मजल्यावर असेल तर वरून ठिबकलेल्या तेलाचे डाग. साधं तेल पुसून निघतं. ब्रेक ऑइल मात्र रंग फुगवतं, तिथं बोट फिरवलं की कळतं.

टपावरच्या दोन रेषा बहुधा फिल्मच्या. जहाजानं येणाऱ्या गाड्यांच्या बोनेटवर आणि टपावर कारखान्यातच पांढरी चिकट फिल्म लावतात. महिनोन्महिने ती तशीच राहिली, वर गोव्याचं ऊन बसलं, की कडेच्या रेषेवर गोंद भाजून बसतो आणि त्यात धूळ अडकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं गोंद निघतो. त्यानंतरही रेषा उरली तर हलकं पॉलिश. ही चूक यार्डची, म्हणजे गाड्या उभ्या ठेवतात त्या आवाराची आहे, फिल्म वेळेवर काढायची होती.

आता बोनेटवरचं जाळं. ते जहाजात पडत नाही, ट्रेलरवर पडत नाही आणि घाटातही पडत नाही. ते शोरूमच्या मागच्या नळावर पडतं. खात्री करायची असेल तर संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरा. चरे दिव्याभोवती गोल दिसतील. दिवा सरकवा, गोलही सरकेल. म्हणजे चरे गोल नाहीतच, सगळ्या दिशांना आडवेतिडवे पडलेले आहेत आणि त्यातले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात. धुळीवरून फडकं मारलं की असे चरे पडतात. दसऱ्याला एकेका शोरूममधून किती गाड्या सुटतात ते तुम्ही पाहिलंच असेल. दोन पोरं, एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीची माती दहाव्या गाडीच्या बोनेटवर. त्या पोरांना बोल लावू नका, त्यांना कोणी शिकवलेलं नसतं आणि मागून मॅनेजर ओरडत असतो.

रबिंगला नाही का म्हणालो ते सांगतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. त्यात सर्वांत वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, जेमतेम ४०-५०. माणसाचा केस साधारण ७०. उन्हातली अतिनील किरणं अडवणारं द्रव्य याच क्लिअरमध्ये असतं. मशीनवर लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड (घासायची पेस्ट) घेऊन एक हात फिरवला की त्यातले दोन-चार मायक्रॉन गेले, कडांवर तर त्याहून जास्त, आणि ते परत येत नाहीत. शोरूमचं रबिंग म्हणजे बहुतेक वेळा चरे काढणं नसतंच. कंपाउंडच्या तेलकट थरानं ते बुजवणं असतं. दोन धुण्यांत ते पुन्हा वर येतात, क्लिअर मात्र गेलेला असतो.

करायचंच तर एकदाच आणि नीट. ज्याच्याकडे जाडी मोजायचा मीटर आहे अशा माणसाकडून करून घ्या. तुमच्या गाडीचं बोनेट ॲल्युमिनियमचं असू शकतं, त्यामुळे लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारा मीटर हवा. बंपर प्लॅस्टिकचा, तिथं असा मीटर काहीच दाखवत नाही. कामाआधीचे आणि नंतरचे आकडे लिहून घ्या. बिल शोरूमला पाठवा. देतील की नाही ते तुमच्या आवाजावर आणि फोटोंच्या तारखांवर आहे.

आणि जे अजून गाडी घेणार आहेत त्यांच्यासाठी. बुक करतानाच लेखी द्या, “गाडी धुऊन ठेवू नका, ट्रेलरवरून उतरेल तशी दाखवा.” सेल्समन हसेल, हसू दे. धुळीनं माखलेल्या गाडीवर तुम्ही स्वतः पाणी सोडायला लावा, मग कोरडी होऊ द्या आणि उघड्यावर उन्हात बघा. ओल्या गाडीवर सही करू नका. पाणी चरे भरून टाकतं, ओली गाडी नेहमीच सुंदर दिसते. उन्हात चरे दिसतात, पोचे दिसत नाहीत. पोचे बघायला सावलीत, ट्यूबलाइटच्या लांब रेषेत बोनेट बघा, रेषा कुठं वाकते ते कळतं.

हे सगळं नंबर पडायच्या आधी. पूर्ण तयार गाडीची नोंदणी हल्ली शोरूमच करून देतं. एकदा गाडी तुमच्या नावावर चढली की ‘दुसरी द्या’ म्हणायला जागा उरत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचं ४१ वं कलम आहे : माल न पाहता घेतला असेल, तर तपासायची रास्त संधी मिळेपर्यंत तुम्ही तो स्वीकारला असं मानत नाहीत. म्हणून डिलिव्हरीच्या कागदावर ‘सर्व ठीक’ या छापील ओळीखाली मुकाट सही करू नका. जे दिसलं ते तिथंच हातानं लिहा, त्याखाली तारीख.

जाता जाता एक. पूजा करा, नारळ फोडा, लिंबं ठेवा. पण झेंडूचा हार तारेत ओवलेला असतो, ती तार बोनेटवर टेकवू नका. आणि स्वस्तिक काचेवर काढा. कुंकू रंगावर वाळलं की डाग धरतं आणि खसाखसा पुसलं की चरे पडतात. देवाला काच चालते.

प्रश्न : माझी नवी पांढरी कन्व्हर्टिबल शोरूमच्या यार्डात बरेच दिवस उभी होती. यार्ड रेल्वे रुळांना लागून आहे. घरी आणल्यावर मागच्या बाजूला आणि दारांवर बारीक केशरी ठिपके दिसू लागले. धुऊन जात नाहीत. नव्या गाडीला गंज लागला का? – एक वाचक, माजोर्डा

उत्तर : गंज आहे, पण तुमच्या गाडीच्या पत्र्याचा नाही. रेल्वेचं चाक, रूळ आणि ब्रेक एकमेकांवर घासले की लोखंडाचे बारीक कण उडतात. ते गरम आणि टोकदार असतात, क्लिअर कोटमध्ये रुतून बसतात. आपली दमट, खारी हवा लागली की तो कण गंजतो आणि त्याभोवती केशरी ठिपका फुटतो. काळ्या गाडीवरही तेवढेच असतात, फक्त पांढऱ्यावर दिसतात. धुतल्यावर बोटाला प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून पत्र्यावरून फिरवा, खरखर हाताला लागेल.

कंपाउंड घासू नका. त्यानं कणाचं डोकं जातं, मूळ आत राहतं आणि पावसाळ्यात ठिपका पुन्हा हजर. न्हाणीघरातल्या फरश्यांचं ॲसिड तर अजिबात नको. हे सांगावं लागतं, कारण ते केलेली गाडी माझ्याकडे आलेली आहे. ‘आयर्न रिमूव्हर’ नावाचं द्रावण मिळतं. गाडी सावलीत, पत्रा गार असताना फवारा. लोखंडाला भेटलं की ते जांभळं होऊन ओघळतं. वास घाण येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. वाळू देऊ नका, काही मिनिटांत भरपूर पाण्यानं धुवा. उरलेले कण ओल्या क्ले बारनं (मातीसारख्या मऊ, चिकट वडीनं) निघतात. कन्व्हर्टिबलचं कापडी छत आधी झाकून घ्या.

रेल्वेचं नाव निघालंच आहे तर, कोकण रेल्वेवर १९९९ पासून मालट्रक वाघिणींवर बसून येतात, त्याला रो-रो म्हणतात. २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा अशी मोटारींसाठीही रो-रो सुरू झाली. घाटातले दगड, ट्रकचे फराटे, झोप नसलेला ड्रायव्हर, सगळं वाचतं. माझं मत चांगलं आहे. फक्त उतरल्यावर गाडी न पुसता आधी पाण्यानं धुवा, एवढंच.

प्रश्न : काळी कूपे घेऊन सहा महिने झाले. सिरॅमिक कोटिंगवाल्याने मीटर लावला तर सगळीकडे ११० ते १२५ आणि डाव्या दारावर ३४० मायक्रॉन. तो म्हणाला हे दार पुन्हा रंगवलेलं आहे. शोरूम म्हणतं, कंपनीकडून असंच आलं. कंपनी म्हणते, शोरूमला विचारा. मी काय करू? नाव छापू नये. – मडगाव

उत्तर : कोटिंगवाला बहुधा बरोबर आहे. नुसता आकडा पुरावा नव्हे, कारण कारखान्यातही एखादं दार लाइनवर पुन्हा रंगवतात आणि तिथं आकडा चढतो. पण ११० च्या शेजारी ३४० म्हणजे खाली प्रायमरचा किंवा लांबीचा थर असायची शक्यता मोठी. दाराचं रबर नखानं बाजूला करा. आत रंगाची धार थांबलेली दिसली, म्हणजे तिथं मास्किंग टेप होती. बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग तडकलाय का ते बघा. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात दोन्ही दारांच्या रंगाची साल, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा, शेजारी शेजारी बघा. कारखान्यात रंग साधारण १४० अंशांवर भाजतात. आमच्या रंगाच्या बूथमध्ये ६० च्या आसपास, कारण गाडीत वायरी, रबर, प्लॅस्टिक सगळं बसलेलं असतं. मी जीव तोडून रंगवलं तरी ते दार कारखान्याचं होत नाही. चांगलं होतं, वेगळं होतं.

डाव्या दाराला लागलं, यार्डात झालं, तिथल्या तिथं रंगवून टाकलं, असं मला दिसतंय. प्रवासात लागणं हा गुन्हा नाही. सांगितलं नाही हा आहे.

याच मुद्द्यावर अमेरिकेत एक खटला गाजला होता. अलाबामाच्या एका डॉक्टरनं १९९० मध्ये सुमारे ४०,७५० डॉलरला नवी काळी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी गाडी आणखी चमकवायला एका पॉलिशवाल्याकडे नेली, आणि त्यानं ओळखलं की ही पुन्हा रंगवलेली आहे. जर्मनीहून येताना ॲसिडच्या पावसानं रंग खराब झाला असावा, म्हणून कंपनीनं अमेरिकेत तो दुरुस्त केला होता. खर्च सुमारे ६०० डॉलर. दुरुस्ती किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत असेल तर डीलरला सांगायचंच नाही, असं कंपनीचं धोरण होतं. गाडीची किंमत दहा टक्क्यांनी उतरली म्हणून ज्यूरीनं ४,००० डॉलर भरपाई दिली आणि लपवल्याबद्दल दंड म्हणून आणखी ४० लाख. वरच्या कोर्टानं दंड निम्मा केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोही अवाजवी ठरवला आणि शेवटी तो ५०,००० वर आला. लपवणाऱ्या कंपनीला ६०० डॉलरचा रंग शेवटी केवढ्याला पडला बघा. मला या गोष्टीत तो पॉलिशवाला आवडतो.

आता आपल्याकडचं, आणि ते गोव्यातलंच. एका ग्राहकानं २०११ मध्ये नवी म्हणून गाडी घेतली. ती २००९ ची निघाली, सहाशेहून जास्त किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली, अंगावर ओरखडे. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला सोडलं. डीलर हा कंपनीचा नोकर नव्हे, तो गाडी विकत घेऊन स्वतः विकतो, आणि त्यानं काय केलं ते कंपनीला ठाऊक होतं असं सिद्ध झालेलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. तुमच्यासाठी यातून निघतं ते इतकंच की सगळी भिस्त कंपनीवर ठेवू नका. डीलरला धरा आणि कंपनीला लेखी विचारा, “या गाडीच्या डाव्या दाराची दुरुस्ती तुम्हाला ठाऊक होती का?” उत्तर हो आलं तर तेही अडकतात. नाही आलं तर डीलर एकटा उरतो.

डीलरकडे एक कागद नक्की मागा. ट्रेलर यार्डात उतरतो तेव्हा गाडीचं चित्र छापलेल्या तक्त्यावर लागल्याच्या खुणा करतात, त्यावर ट्रेलरच्या ड्रायव्हरची सही घेतात. वाहतूकदाराच्या विम्यातून पैसे काढायला डीलरलाच तो लागतो. म्हणजे तो असतो. ‘नाही’ म्हणाले तर ‘नाही’ हे ईमेलवर घ्या.

दुसऱ्या गॅरेजकडून लेटरहेडवर सगळ्या पत्र्यांचे आकडे घ्या. माझ्याकडे आलात तरी चालेल, पण मी हे छापून मोकळा झालोय, तिऱ्हाईत माणूस बरा. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तिथं जमलं नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे आणि तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते, शोरूम कुठंही असो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय. गाडी बदलून मिळण्याची आशा मी धरणार नाही. विकताना जेवढी किंमत उतरेल तेवढी मागा आणि लपवल्याची वेगळी भरपाई मागा. आणि तोवर त्या दाराला कोणालाही हात लावू देऊ नका, शोरूमला तर मुळीच नाही.

प्रश्न : आम्ही वास्कोला राहतो. मुलानं नवी लाल स्पोर्ट्स कार घेतली, ती दारात असते. बंदराकडून काळी पूड येऊन बसते म्हणून मी रोज सकाळी मऊ झटकणीनं पुसते. मुलगा माझ्यावर चिडतो. सून म्हणते तुम्हालाच विचारा. – एक आई

उत्तर : माई, या बाबतीत मुलाचं ऐका. चिडायचं मात्र त्याला काही कारण नाही, आई पुसते आहे. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो. त्याची पूड गंजत नाही, पण तिला कडा असतात. झटकणी कितीही मऊ असली तरी ती पुडीलाच रंगावरून ओढत नेते. लाल रंगावर ते वर्षभरात दिसायला लागतं. पुसू नका, पाण्याचा पाइप वरून खाली सोडा आणि ठेवून द्या. आठवड्यातून एकदा मुलाला दोन बादल्या घेऊन बसवा, एक शॅम्पूची, एक फडकं खळबळून घ्यायची. झटकणी टीव्हीसाठी ठेवा.

म्हापशाच्या एका मुलानं व्हॉट्सॲपवर विचारलंय, डिलिव्हरीच्या दिवशीच पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) लावू का. बाळा, लाव, दगडाला तेच एक अडवतं, सिरॅमिक नाही. पण आधी वर पर्वरीकरांना सांगितलेलं सगळं कर. फिल्मखाली चरा राहिला तर तो फिल्म निघेपर्यंत तुझा. आणि एखादा भाग नुकताच रंगवलाय असं कळलं तर साधारण महिनाभर थांब, रंगातलं सॉल्व्हंट बाहेर पडू दे, नाहीतर खाली फोड येतात. शोरूमचं पीपीएफ पॅकेज घ्यायचं की बाहेरचं, हे मला विचारू नकोस. माझे दोघांशीही धंद्याचे संबंध आहेत.